घरखर्चाची वही : सॅराटोगाच्या एका घरातला महिना

या खेपेला वाटाण्याची साठवण आणि गॅसची बचत यांवर लिहायचं ठरवलं होतं. पण पत्रांच्या गठ्ठ्यात कऱ्हाडच्या एका भगिनींचं सहा पानी पत्र निघालं आणि ते बाजूला ठेववेना. नाव छापू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून नुसतं ‘ताई’ म्हणते.

ताईंचा मुलगा आणि सून अमेरिकेत, कॅलिफोर्नियात. दोघंही कॉम्प्युटरवाले. गेल्या नोव्हेंबरच्या शेवटी ताईंनी फोनवर गच्चीच्या गळतीचा विषय काढला. पावसाळाभर खोल्यांतून बादल्या मांडून झाल्या होत्या, गवंड्याने दोन लाख सांगितले होते. मुलगा म्हणाला, “आई, आत्ता जरा अडचण आहे, जानेवारीनंतर बघू.” ताई लिहितात, ‘ज्याचा महिन्याचा पगार पंचवीस लाख रुपये, त्याला दोन लाखांची अडचण? हे शब्द त्याचे नव्हेत, बोलविता धनी वेगळा आहे.’ बोलविता धनी म्हणजे कोण, ते तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसापासून ताई सुनेशी बोललेल्या नाहीत. फोन आला की नातवंडांशी बोलतात आणि ठेवून देतात. त्यांचा मला प्रश्न असा, की पंचवीस लाखांत न भागणारा संसार असतो तरी कसला?

पत्राच्या शेवटी गावाचं नाव आहे, सॅराटोगा. आणि तेच वाचून मी चपापले. कारण त्या गावात मी तीन महिने राहून आलेय. २०२४ सालच्या एप्रिलपासून जुलैपर्यंत, माझ्या सख्ख्या भाचीकडे. आणि ताईंनी आज जे लिहिलंय, तेच तिथे मी भाचीला तोंडावर म्हटलं होतं. तेव्हा हे उत्तर ताईंना आहे, थोडं माझ्या स्वतःच्या पापाचं पारणंही आहे.

आधी गाव सांगते. सान फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सान होजे हे मोठं शहर, आणि त्याच्या पश्चिमेला डोंगराच्या पायथ्याशी हे सॅराटोगा. २०२० च्या जनगणनेत वस्ती ३१ हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. शंभर वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख जर्दाळू, आलुबुखार आणि चेरीच्या बागांचा होता. १९०० साली इथे झाडं फुलल्याचा उत्सव सुरू झाला, तेव्हा लोक लांबून ती पांढरी फुलं पाहायला येत. ‘गॉन विथ द विंड’ सिनेमातली ती सोशिक मेलनी आठवते? ते काम करणारी ऑलिव्हिया डी हॅविलंड आणि तिची बहीण जोन फाँटेन या दोघी इथेच लहानाच्या मोठ्या झाल्या. पुढे सान होजे शहर आसपासच्या वाड्या गिळत सुटलं, तेव्हा १९५६ साली या लोकांनी आपली वेगळी नगरपालिका काढली. गावपण टिकावं म्हणून बहुतेक भागांत एका घराला निदान दहा हजार चौरस फूट जमीन हवीच असा नियम केला. आपल्या हिशेबात नऊ गुंठ्यांच्या वर. डोंगराकडे तर एका घराला चाळीस हजार चौरस फूट, म्हणजे एक एकराला थोडी कमी.

आता विचार करा, पलीकडे गूगल, ॲपल यांसारख्या कंपन्या, लाखाने पगार घेणारी माणसं, आणि इकडे एकेका घराने अडवलेली नऊ गुंठे जमीन. शिवाय शाळा उत्तम. तिथे सरकारी शाळेत पोराला घालायचं तर घर त्याच शाळेच्या हद्दीत लागतं. मग घराची किंमत काय होईल? मी गेले तेव्हा सॅराटोगातलं साधारण घर तीस लाख डॉलरच्या वर गेलेलं होतं. रुपये करू नका, शून्यं मोजताना माझीच बोटं थकली होती.

वाड्यात राहायला मिळणार अशा थाटात मी गेले, आणि उतरले ते एका बैठ्या घरापुढे. साठ वर्षांपूर्वीचं लाकडी घर, तीन खोल्या झोपायच्या, स्वयंपाकघर माझ्या नाशिकच्या स्वयंपाकघरापेक्षा चार हात मोठं, इतकंच. ओट्याची फरशी एका कडेला तडकलेली. पुढे मागे झाडं मात्र भरपूर. गल्लीला पदपथ नाही, रात्री रस्त्यावर दिवे नाहीत, बस जवळपास नाहीच. जिथे कोथिंबिरीच्या जुडीलासुद्धा मोटार काढावी लागते, तिथे आपल्यासारखीची किती पंचाईत! भाची आणि जावई सकाळी निघून गेले की मी आणि भिंती.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहिलं तर स्वयंपाकघरातला नळ टिपटिप गळतोय, आणि भाचीने खाली पातेलं लावलंय. म्हटलं, “प्लंबरला बोलव ना.” ती म्हणाली, “रविवारी हे बघतील, मावशी. व्हिडिओ बघून करतात ते.” रविवारी जावई ओट्याखाली पाठीवर आडवे, छातीवर पाने. दुपारपर्यंत नळ काही थांबला नाही. रात्री भाची भांडी धुण्याचं मशीन नऊ वाजेपर्यंत लावेना, कपड्यांचंही नाही. संध्याकाळी चार ते नऊ वीज महाग असते म्हणे. भात गार झाला तर गरम करतानाही ती घड्याळाकडे बघे. मला हे सगळं कोतेपणाचं वाटायला लागलं. आणि त्या रविवारी रात्री जेवताना माझ्या तोंडून गेलं, “महिन्याला पंचवीस लाख येतात म्हणे घरात. आणि गळक्या नळाखाली पातेलं! आमच्याकडे पेन्शनीत भागवतो, पण प्लंबरला बोलवायला रविवारची वाट बघत नाही.”

जावयांनी ताटातून मान वर केली नाही. भाची काही बोलली नाही. मुलं झोपल्यावर मात्र ती एक वही घेऊन माझ्या खोलीत आली. तिच्या आईने, माझ्या बहिणीने, लग्नात दिलेली सवय, हिशेबाची वही. बाकी सगळं फोनमध्ये असतं हो, पण ही मात्र शाईने. पलंगावर माझ्याशेजारी बसून तिने ती उघडली.

मैत्रिणींनो, त्या वहीची परवानगी मी तिच्याकडून घेतलीय, म्हणून आकडे सांगते. दोघांचे मिळून वर्षाला ३ लाख ६० हजार डॉलर. म्हणजे महिन्याला ३० हजार. तेव्हा डॉलर ८३ रुपये होता, झाले आपले पंचवीस लाख. इथवर ताईंचा हिशेब बरोबर. पण या तीस हजारांतले आठ हजारांच्या वर तर कर म्हणून परस्पर जातात, केंद्राचा वेगळा, राज्याचा वेगळा, म्हातारपणीच्या सरकारी योजनेचा वेगळा. पावणेचार हजारांच्या आसपास त्यांच्या प्रॉव्हिडंट फंडासारख्या खात्यात आणि साठाव्या वर्षाच्या आत काढले तर सहसा दंड. हाती आले अठरा हजार.

आता त्यातले घराचे. हे घर त्यांनी २०१५ साली १९ लाख डॉलरला घेतलं, आधीच्या दहा वर्षांची सगळी पुंजी त्यात ओतून. कर्जाचा हप्ता ७,२५०. घरपट्टी महिन्याला पडते २,२५०. विमा २५०, आणि तो दोन वर्षांत जवळजवळ दुप्पट झालाय, कारण डोंगरातल्या वणव्यांच्या भीतीने २०२३ पासून मोठमोठ्या विमा कंपन्यांनी कॅलिफोर्नियात नवी घरं घेणंच आखडतं केलंय. बेरीज केलीत? पावणेदहा हजार. हाती आलेल्यातले निम्म्याहून जास्त पैसे छपरालाच गेले, आणि अजून चूलही पेटलेली नाही.

घरपट्टीचं जरा समजून घ्या, कारण ताईंच्या प्रकरणाची मेख मला वाटतं तिथेच आहे. तिथली घरपट्टी महिन्याला नसते, वर्षातून दोनदा भरायची. पहिला हप्ता १० डिसेंबरच्या आत, दुसरा १० एप्रिलच्या आत. एक दिवस उशीर झाला की दहा टक्के दंड. भाचीची घरपट्टी वर्षाला २७ हजार डॉलर, म्हणजे एका खेपेला साडेतेरा हजार. रुपयांत अकरा लाखांच्या वर. ताई, तुमचा फोन कधी गेला होता? नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. त्या वेळी तुमच्या मुलासुनेच्या मनात कोणती तारीख घोळत असेल? ‘जानेवारीनंतर’ हा शब्द कुठून आला असेल, तो सुनेने पढवलेला असेल की कॅलेंडरने, ते तुम्हीच ठरवा.

बाकीचं झरझर सांगते. किराणा, दूध, भाजी दीड हजार, आणि इथे माझी चूक झाली होती. मला वाटे, श्रीमंतांच्या गावात डाळ-तांदूळही महाग असतील. तसं नाही. धान्य, भाजी, फळं यांवर तिथे विक्रीकर नाही, तूरडाळ, मेथी, कढीपत्ता शेजारच्या क्युपर्टिनो, सनीव्हेलच्या आपल्या दुकानांत मिळतो, आणि पगाराच्या मानाने स्वस्तच. मोठ्या वखारीसारख्या दुकानातून भाची महिन्याचं दूध-तेल-कागद एकदम आणते. हापूस मात्र विचारू नका. २००७ पासून आपला आंबा अमेरिकेत जायला लागला, पण विमानाने येतो, त्याआधी त्यावर किरणांची प्रक्रिया होते. दहा-बारा आंब्यांच्या पेटीला पन्नास डॉलर. मी गेल्याच्या आनंदात तिने एक पेटी आणली, आणि किंमत कळल्यावर माझ्या घशाखाली फोड उतरेना.

महाग आहे ते माणसाचं काम. प्लंबर नुसता दारात येऊन उभा राहिला की दीडशे-दोनशे डॉलर, मग दुरुस्ती वेगळी. घर झाडून-पुसून घ्यायला दोघी बायका पंधरा दिवसांतून एकदा येतात, दर खेपेला दोनशे. वीज एका युनिटला चाळीस सेंटच्या आसपास, म्हणजे आपले तेहतीस रुपये. तुमचं मागच्या महिन्याचं बिल काढा आणि युनिटांना तेहतीसने गुणून बघा, मग नऊनंतरचं मशीन कोतं वाटणार नाही. पेट्रोल आम्ही होतो तेव्हा गॅलनला पाच डॉलरच्या वर.

आणि मुलं. शाळा फुकट खरी, पण अडीच-तीनला सुटते, आईबाप येतात सहाला. मधल्या वेळेच्या वर्गाला, पोहण्याला, गाण्याला, रविवारच्या मराठी शाळेला मिळून अठराशे. शाळेला दरवर्षी पालकांनी देणगी द्यायची असते, ऐच्छिक म्हणतात, पण सगळ्यांनी दिल्यावर आपण नाही म्हणायचं कसं! उन्हाळ्यात जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दहा आठवडे शाळा बंद. तेवढे दिवस मुलांना कुठल्या तरी शिबिरात घालावं लागतं, एका मुलाचे आठवड्याला पाचशे डॉलर तरी. दोघांचे दहा आठवड्यांचे दहा हजार. आता कळलं ना, आजी-आजोबांना तिकडे उन्हाळ्यातच का बोलावणं येतं? हसू नका, मीही त्या वर्षी शिबिराच्या जागीच गेले होते. भाचीला माझी ओढ होती हे खरं, आणि माझ्यामुळे सहा आठवड्यांची फी वाचली हेही खरं. दोन्ही खरं असायला काय हरकत आहे? आपल्याकडे बाळंतपणाला आलेली आईसुद्धा कामाला येतेच की.

मोटारी, फोन, वीज-पाणी, माळी, भारताच्या चार तिकिटांसाठी बाजूला टाकलेले, घराच्या मोडतोडीचे, असं करत करत वहीत खाली आकडा होता १७,९००. हाती आलेले अठरा हजार. शंभर डॉलर शिल्लक.

मी शांतच झाले होते, पण भाचीने पानं मागे उलटली आणि २०२३ च्या जानेवारीवर बोट ठेवलं. दोन पगारांचे दोन रकाने. एक भरलेला, एक कोरा. फेब्रुवारी कोरा. मार्च, एप्रिल, मे, कोरेच. त्या हिवाळ्यात तिकडच्या कॉम्प्युटर कंपन्यांनी हजारोंनी माणसं काढली, तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं असेल. जावई त्यांतले एक. पाच महिने घरी. त्यांच्याकडे ग्रीन कार्ड होतं म्हणून निभावलं. जे नुसत्या एच-वन-बी व्हिसावर असतात त्यांना साठ दिवसांत दुसरी नोकरी किंवा दुसरी काही तजवीज केली नाही, तर देश सोडायची वेळ येते, घर असो, पोरं शाळेत असोत. म्हातारपणाचं खातं तोडून, दंड भरून त्यांनी हप्ते भरले. आम्हाला इथे कोणालाही कळवलं नव्हतं. “आई रात्रभर जागली असती. उपयोग काय?” ती म्हणाली.

आणि त्याच एप्रिलच्या पानावर, खालच्या बाजूला, शाईने लिहिलेलं होतं : ‘आई, डोळ्यांचं ऑपरेशन, १,२००.’

ते पैसे मला आठवत होते. बहिणीच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, भाचीने लाख रुपये पाठवले, तेव्हा बहीण मला कौतुकाने सांगायला आली होती. आणि मी काय म्हणाले होते? “लाख म्हणजे तिला काय गं, हातचा मळ!” आता तो कोरा रकाना आणि त्याखालची ती ओळ बघून मला भाचीकडे बघवेना. तिला मी तसं बोलल्याचं ठाऊक नव्हतं. मी सांगितलंही नाही. आज इथे लिहितेय, अंक तिला पोस्टाने जातोच, वाचेल.

दुसऱ्या दिवसापासून मी पातेल्यातलं पाणी झाडांना घालायला लागले. नळ पुढच्या रविवारी दुरुस्त झाला.

पलीकडच्या घरात एक म्हातारी बाई एकटीच राहते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. तिच्या अंगणात जर्दाळूचं एक जुनं झाड आहे, गावातल्या मूळ बागांपैकी राहिलेलं. तशी वाचनालयाच्या शेजारी नगरपालिकेनेही एक बाग राखलीय, पण हे झाड तिचं स्वतःचं. जूनच्या अखेरीस खाली सडा पडायचा. ती कुंपणावरून हाक मारून टोपली द्यायची, मी मुरंबा करून बाटली परत द्यायची. (एक किलो गर, सातशे ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस, मंद आचेवर. बी फोडून आतला कडू गर हौसेने घालू नका, तो विषारी असतो.) आमच्या भाषा जुळत नव्हत्या, पण बायकांच्या गप्पा भाचीच्या दुभाषेपणाने चांगल्या होत. एकदा घरपट्टीचा विषय निघाला. तिची घरपट्टी वर्षाला अडीच हजारांच्या आत! भाचीची सत्तावीस हजार, भिंतीला भिंत लागून असलेल्या तेवढ्याच घराची.

हे कसं? तर १९७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियाच्या लोकांनी मत देऊन एक कायदा केला. तेरा नंबरचा ठराव म्हणून तो प्रसिद्ध आहे. घर घेतलं त्या किमतीच्या एक टक्का मूळ घरपट्टी, वर स्थानिक कर्जरोख्यांची थोडी भर, आणि घराची सरकारी किंमत वर्षाला दोन टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही, घर विकेपर्यंत. म्हातारीने घर १९७१ साली घेतलेलं, बागा कापून घरं उठत होती तेव्हा, नवऱ्याच्या शिक्षकाच्या पगारात. म्हणून ती आजही तिथे राहू शकते. तिचा पेन्शनीवर निभाव लागतोय तो त्या कायद्यामुळे, आणि गावाच्या शाळा-रस्त्यांचा जास्त भार नव्या आलेल्यांवर पडतोय तोही त्याच कायद्यामुळे. बरोबर कोण आणि चूक कोण, मला सांगता येणार नाही. मी म्हातारीच्या बाजूची आहे, पण पट्टी भाचीची भरायची असते तेव्हा थोडी डळमळते.

ती एकदा म्हणाली, “माझं घर कोट्यधीश आहे, मी नाही.” छप्पर बदलायला तिच्याकडे पैसे नव्हते. निळी ताडपत्री टाकलेली होती एका कोपऱ्यावर. ताई, गच्ची तिथेही गळते.

आणि आता जी माणसं त्या गावात नुसती कामाला येतात, त्यांचंही सांगायला हवं, नाहीतर हे सगळं फक्त खात्यापित्या घरांचं रडगाणं होईल. २०२४ साली त्या राज्यात कमीत कमी मजुरी तासाला सोळा डॉलर होती. आणि त्याच वर्षी सरकारी हिशेबाप्रमाणे त्या जिल्ह्यात चौघांच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १ लाख ४६ हजार डॉलरच्या आत असेल, तर ते ‘कमी उत्पन्नाचं’ कुटुंब. सोळा डॉलरने नवराबायको दोघं वर्षभर राबली तरी सत्तर हजारांच्या पुढे जात नाहीत. मग ती सॅराटोगात राहणार कुठे? भाचीचा माळी हॉलिस्टर नावाच्या गावाहून यायचा, पहाटे पाचला निघून. झाडलोट करणाऱ्या दोघी सान होजेच्या पूर्व टोकाहून, एका घरात तीन कुटुंबं राहतात म्हणाल्या. धाकट्या नातवाची शिक्षिकासुद्धा तासाभराच्या अंतरावरून. गावात शिकवायचं, पण गावात राहायचं नाही. आता राज्य सरकार मागे लागलंय, २०२३ ते २०३१ या आठ वर्षांत सॅराटोगाने सतराशेवर नव्या घरांची सोय करावी म्हणून. त्यांतली बरीच कमी उत्पन्नवाल्यांना परवडणारी हवीत. त्यावर गावात जोरदार सभा होतात. भाचीला विचारलं, तुझं मत काय? ती जरा ओशाळली. म्हणाली, “झाली पाहिजेत. पण समोरच तीन मजली इमारत उठली तर आमच्या घराची किंमत...” आणि थांबली. मी पुढे विचारलं नाही. आपल्या सोसायट्यांतही लिफ्ट कोणी वापरायची यावर काय काय ठराव होतात, ते मी पाहिलंय.

तर ताई, तुमच्या प्रश्नाकडे येते.

तुमचा मुलगा गरीब नाही. असं कोणी सांगितलं तर मानू नका. माझी भाचीही गरीब नाही. म्हातारपणाच्या खात्यात भर पडतेय, घराची किंमत त्यांनी घेतल्यापासून पुष्कळ वाढलीय. त्यांना तासाभर लांब, निम्म्या किमतीच्या गावात राहता आलं असतं. चांगली शाळा पाहिजे, ऑफिस जवळ पाहिजे, म्हणून त्यांनी हे ओझं आपणहून उचललंय. भाचीला मी हे तोंडावर सांगितलं, आणि तिने मान्य केलं. पण पैसा आहे तो भिंतीत आणि खात्यात. हातात नाही. कऱ्हाडला शेतकऱ्याच्या घरी वीस एकर बागायत असते, आणि पोराच्या फीला उसाचं बिल येईपर्यंत थांबावं लागतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल. तसंच आहे हे.

तरीही दोन लाख रुपये म्हणजे सव्वादोन-अडीच हजार डॉलर होतात, आणि आईबापाच्या डोक्यावरच्या छपराला ते त्याने उभे केले पाहिजेत असं माझंही मत आहे. जानेवारीत नाही तर मेमध्ये. एप्रिलची घरपट्टी भरून झाली की विचारा. विचारताना उसासे टाकून विचारू नका, ‘तुमचं काय बाबा, आम्ही काढू दिवस’ असलं तर मुळीच नको. गवंड्याचा लेखी अंदाज घ्या, त्याचा फोटो पाठवा, अमुक तारखेपर्यंत अमुक रक्कम हवी, पाऊस सात जूनला येतो, असं लिहा. हप्त्यांत चालेल का तेही विचारा. तिकडच्या माणसांना तारीख आणि आकडा कळतो. आणि पाऊस लागण्याआधी निदान भेगा बुजवून घ्या, तेवढं पाचदहा हजारांत होतं, सगळ्यासाठी अडून बसू नका.

रुपयांचा गुणाकार मात्र सोडा. गुणायचंच असेल तर पगारही गुणा आणि विजेचं युनिटही गुणा.

राहिली सून. तिला फोन तुम्ही करायचा. गच्चीचा विषय काढायचा नाही. नुसतं विचारा, “नोकरी ठीक आहे ना दोघांची?” आणि मग तिला बोलू द्या. काय निघेल मला सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही, सगळं छान चाललेलं असेल आणि ती खरोखरच चिकट निघेल! तसं असलं तर मला पुन्हा लिहा, आपण त्याचाही विचार करू. पण फोन रात्री साडेनऊनंतर करा, म्हणजे तिकडे सकाळ असेल. शनिवारी केलात तर उत्तम, आठवड्याच्या दिवशी त्या वेळी डबे भरायची घाई असते.

वाटाण्याची साठवण पुढच्या अंकात. सांगलीच्या दोन भगिनींनी बेदाण्याला लागणाऱ्या अळीबद्दल विचारलंय, त्यांनाही तेव्हाच.